खरवडलेलं नाव

फार फार जुनी गोष्ट. पश्चिमेच्या समुद्रात आयर्लंड नावाचं एक हिरवं, ओलं बेट आहे. तिथे म्हणे माणसाच्या जिभेपेक्षा पोथीच्या पानाला मान होता. कोणती गढी कुणाच्या वारशाची, हे पंच पोथी उघडूनच ठरवत.

तिथल्या एका सरदाराने आपल्या कुळाची पोथी लिहायला एक म्हातारा लहिया ठेवला. वासरांची कातडी कमावून पानं केली. लहियाने तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून वंशावळ लिहिली.

पोथी पुरी होत आली आणि सरदाराचं धाकट्या भावाशी एका कुरणावरून वाजलं. सरदार तडक लहियाकडे आला.

"त्याचं नाव खरवडून टाक."

"सरकार, भांडण आजचं आहे, पोथी पिढ्यांची."

"अन्न माझं खातोस ना? मग चालव चाकू!"

पोटाची भीती फार वाईट. लहियाने नाव खरवडलं, त्या जागी सुरेख मोर रंगवला आणि बक्षीस म्हणून लोकरीचा झगाही घेतला.

वर्षं लोटली. भाऊ वारला. मग एका लढाईत सरदाराचे तिन्ही मुलगे पडले. सरदाराने रडत भावाच्या मुलाला जवळ घेतलं. "आता गढीला तूच रे बाबा!"

पण वारस नसलेल्याने गढी सोडावी, असा तिथला रिवाज होता; तो धरून एका दूरच्या भाऊबंदाने गढीवर हक्क सांगितला. पंचांनी पोथी मागवली.

"याच्या बापाचं नाव कुठे आहे?"

"अहो, माझा सख्खा भाऊ तो! एका आईचं दूध प्यालो आम्ही!" सरदार ओरडला.

लहिया पुढे आला. "नाव होतं. मीच खरवडलं."

पंचांनी पान उजेडात धरून पाहिलं. हात इतका सफाईदार, की मोराखाली एक रेघही दिसेना. लहियाला आपल्या कसबाची जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.

"जिभेवरच विश्वास ठेवायचा, तर पोथ्या लिहायच्या कशाला?" पंच म्हणाले आणि त्यांनी पोथी मिटली.

गढी त्या भाऊबंदाकडे गेली. नव्या धन्याला हक्क सांगणारा जिवंत नको होता. आठ दिवसांत पुतण्याचं प्रेत ओढ्याकाठी सापडलं. सरदाराने वेड्यासारखा टाहो फोडला. लहियाने खड्डा खणला, माती लोटली, वर दगड ठेवला. पण त्यावर नाव कोरायला त्याचा हात काही उठेना.

मुलांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: रागाने आपल्या माणसाला पुसणारा आणि भीतीने ते काम करणारा, दोघे सारखेच अपराधी.