गवरा आणि आसरेची घागर

पाय पोटाशी घ्या, गोधडीची ओढाओढी बंद करा, मग सांगते.

फार फार मागं, एका डोंगराच्या कुशीत कुंभारवाडी होती. खाली नदीचा मोठा डोह होता. वाडीत गवरा नावाची पोर राहायची, आपल्या म्हाताऱ्या आज्याजवळ. आई-बाप लहानपणीच गेलेले. आज्याचं नाव भिवा. पाय लुळे झाले होते त्याचे, पण त्यानं बसल्या जागेवरून गवराला चाक शिकवलं. आणि पोर अशी घागर काढायची की बघणाऱ्यानं बघतच राहावं.

पण एक खोड होती बरं का. दम म्हणून नव्हता तिला. पेरलेला भोपळा रोज उकरून बघायची, उगवला का म्हणून. कणीस विस्तवावर ठेवलं की कच्चंच तोंडात. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. हसू नका, या गोधडीखालीही दोघं तशीच आहेत.

मग एका वर्षी नदी आटली. डोह आटला. झऱ्याच्या खड्ड्यातून माणशी एक तांब्या पाणी मिळायला लागलं. पंचांनी ठरवलं, येत्या अमावास्येला वाडी सोडायची. लोक गाड्या भरायला लागले. वैद्यानं भिवाची नाडी बघितली आणि मान हलवली. हा वाटेतच जाईल, म्हणाला. आज्या म्हणाला, "मी इथंच राहतो. तू जा, पोरी." गवरा तशीच उठली आणि ऐन दुपारी कोरड्या डोहाशी जाऊन रडत बसली.

आता ऐन दुपारी डोहावर कुणी जात नसतं. तिथं साती आसरा राहतात, पाण्याच्या सात बहिणी. तर काय झालं, डोहाच्या तळाची भेगाळलेली माती हलली आणि त्यातून एक बाई वर आली. हिरवं लुगडं, पायांत वाळे, आणि केसांतून बारके बारके मासे सुळकन इकडून तिकडे. गवरा दचकून मागं सरली.

"मी आसरांमधली धाकटी," ती म्हणाली. "नदी मी माझ्या घागरीतून ओतते. ती घागर फुटली गं. करून देशील?" तिनं निळ्या मातीचे तीन गोळे गवराच्या ओटीत टाकले. "तीनच आहेत. आवा नीट निवू दे." आणि गेली.

आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. आत कच्चं मडकं, भोवती गोवऱ्या, वर राखेचं पांघरूण. एक दिवस जळतो, दोन दिवस निवतो. मध्येच उघडला तर गार वारा लागून मडकं तडकतं. तो निवला हे कळायचं कसं? त्या वाडीची एकच खूण होती. राखेवरून मुंगी या टोकाची त्या टोकाला चालत गेली, की उघडायचा. मुंगी माघारी वळली, तर आत अजून आग आहे.

गवरानं आपल्या वाटणीच्या पाण्यात पहिला गोळा मळला. आसरांचीच माती ती, घागर सावलीत ठेवेतोवर वाळली. मग आवा लावला. दुसऱ्या दिवशी राखेच्या फटींतून निळा उजेड यायला लागला. असा उजेड, की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा दाणे टिपायच्या थांबल्या. गवराला राहवेना. "बोटभरच बघते," म्हणाली, आणि राख सारली. टण्ण. घागरीचे दोन तुकडे.

आज्या रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अजून दोन आहेत."

मग दुसरी घागर, दुसरा आवा. या खेपेला ती समोरच बसली, हात मांडीखाली दाबून, डोळे आव्यावर रोखून. दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी आव्यातून पाण्याचा आवाज यायला लागला, खळखळ खळखळ. पोरीचा घसा कोरडा आणि पाणी हाताच्या अंतरावर. एक मुंगी राखेवर चढली आणि अर्ध्यातून वळली. गवरानं ते बघितलं. बघूनही हात घातला. टण्ण.

तेव्हा मात्र ती आज्याच्या पायांवर पडून हमसून हमसून रडली. कारण त्याच दिवशी झऱ्याचा खड्डाही आटला होता. घरात पाणी उरलं होतं एक तांब्या, आज्याच्या उशाशी, त्याचं प्यायचं. आज्यानं तो तांब्या उचलला आणि तिसऱ्या गोळ्यावर रिता केला.

"आज्या, हे काय केलंस?"

"मी आवळकाठी चघळीन, आंबटानं तोंडाला पाणी सुटतं," आज्या म्हणाला. "तू आव्यासमोर बसलीस, तिथं चुकलं. मनाशी कुस्ती खेळू नये, पोरी. ते आपल्याला भारी असतं. त्याला पाठ दाखवायची आणि हाताला काम द्यायचं."

मग तिसरा आवा लागला आणि गवरानं त्याच्याकडे पाठ केली. पहिल्या दिवशी अंगण झाडलं, चाक खरवडलं, खापऱ्या रचल्या. दुसऱ्या दिवशी मागं उजेड पडला, समोरची भिंत निळी झाली. ती आज्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला गोष्टी सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी आवा गायला लागला. सात बायकांचा आवाज, जात्यावर ओव्या म्हणाव्यात तसा. अमावास्याच होती ती. निघालेल्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. बैलांनी कान टवकारले, बायामाणसांनी हात जोडले. पाटील हळूच म्हणाला, "उघड गं आता. आज्याचे ओठ बघ."

गवरानं बघितले. काळे पडले होते.  वाटलं, उठावं आणि दोन्ही हातांनी राख उधळून द्यावी. तिनं आज्याचा हात घट्ट धरला. "मुंगी चालू दे," म्हणाली.

मग अख्खी वाडी राखेवर वाकली. एवढी माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. एक मुंगी आली, चढली. मध्यावर थांबली. मिशा हलवल्या तिनं. आणि मग सावकाश पुढं निघाली.

"चालली गं," पाटील म्हणाला. "पार गेली."

तेव्हा कुठं गवरा वळली. राख सारली, घागर काढली. आत बघितलं तर तळच दिसेना, नुसतं आभाळ. ती आणि आज्याचा रिता तांब्या घेऊन डोहावर गेली. आसरा वर आली, घागर कमरेवर घेतली आणि तिरकी केली. आणि बाळांनो, त्या एवढ्याशा घागरीतून नदी आली. अख्खी नदी. मासे, कासवं, वाळू, शेवाळ, सगळ्यासकट. डोह भरला तरी येतच राहिली. लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून रडत होते.

आसरेनं ओंजळ भरून गवराच्या तोंडाशी धरली. पोर किती तहानलेली, विचार करा. पण ती म्हणाली, "आधी तांब्यात द्या." तांब्या भरून घेतला आणि निघाली. धावली नाही बरं का. एक थेंब सांडू नये म्हणून पाऊल पाऊल टाकत घरापर्यंत चालत गेली. आज्या प्यायला, डोळे उघडले त्यानं, आणखी मागितलं. तांब्याच्या तळाशी घोटभर उरलं, ते मग ती प्यायली.

वाडीनं बैल सोडले, चुली पेटवल्या. आज्या पुढं पुष्कळ वर्षं जगला, सगळी सुखानं नांदली. आता कूस बदला आणि निजा गुपचूप. मी दिवा मालवते.