ओली वर्तुळं

एका राज्यात बहुतेक मडकीच राहत होती, आणि त्या साली त्यांच्यात तड्याची साथ आली होती. पोटावर केसाएवढी रेघ उमटायची, तळ पाझरू लागायचा आणि पंधरवड्यात मडक्याचं खापर व्हायचं.

घागरीच्या लेकीच्या, बोळकीच्या पोटावर रेघ दिसली, त्याच दिवशी म्हातारा कुंचा लाखेचा लेप घेऊन चौकात आला. त्याने आधीच सांगून टाकलं, की या लेपाने एका परळाचा तडा बुजला होता, पण एक सुगड दुसऱ्याच दिवशी फुटलं होतं. लेपामुळे की तड्यामुळे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणून निम्म्यांना लाख लावायची, निम्म्यांना तशीच दिसणारी गेरूची माती, आणि सगळ्यांत पाणी भरून सात दिवस तळ बघायचे.

कारभारी रांजणाचं म्हणणं, सात दिवस आहेत कुणाकडे, सगळ्यांना आजच लावा. सुरईला वाटत होतं, आधी परसातल्या कुंड्यांवर करून बघावं, त्या कुठे तक्रार करतात. तांब्याला तडा जात नव्हता, त्यामुळे सल्ले त्याचेच जास्त होते. कुंच्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तडा गेलेल्या प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं, या परीक्षेला बसणार का?

"मी बसते," बोळकी म्हणाली. घागरीला नाही म्हणायचं होतं, पण जमलं नाही.

चिंचोके टाकून दोन रांगा ठरल्या. लेपाची दोन्ही भांडी भरायचं काम एका झाकणाकडे दिलं. कुठल्यात काय, ते त्याने कुंच्यालाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी बोळकीखाली ओल दिसली. घागर तडक झाकणाकडे गेली. तिने विनवलं, रागावून पाहिलं, आपण दोघं एकाच आव्यात भाजलो, याची आठवणही दिली.

"ताई," झाकण हळूच म्हणालं, "मी सांगितलं तर तू तिला उचलशील. मग तिच्या जागी कुणाची लेक बसवू?"

घागर परतली आणि लेकीला टेकून बसून राहिली.

"आई, सारखी माझ्याकडे नको बघूस," बोळकी म्हणाली. "समोरच्यांच्या खाली कोरडं आहे का, ते बघ."

घागरीने वाकून पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरडं होतं. तिने कुंच्याला हाक मारली. त्याने दोन्ही रांगा दोनदा पाहिल्या आणि सात दिवसांची वाट न बघता झाकणाला बोलतं केलं. समोरची रांग लाखेची होती.

मग पहिली लाख बोळकीच्या रांगेला लागली, रांजणाच्याही आधी. दोन मडकी तेवढीही थांबू शकली नाहीत, त्यांची खापरं झाली. बोळकी टिकली.

साथ ओसरली. त्या रांगेखालचं पाणी वाळलं, पण जमिनीवर पांढरी वर्तुळं राहिली. आता आव्यातून नवं मडकं आलं, की लाख लावण्याआधी त्याला घटकाभर त्यांतल्या एकावर टेकवतात. तांब्यासुद्धा तिथून वळसा घालून जातो. फुटलेल्या त्या दोघांच्या वर्तुळांवर मात्र कुणालाच बसवत नाहीत. ती ओली राहावीत म्हणून घागर रोज सकाळी थोडी कलते आणि तिथे आपलं पाणी सांडते.