ताणलेल्या धनुष्याची कहाणी

ऐक गे दोरीबाई, तुझीच कहाणी. नदीकाठी नगर होतं आटपाट. तिथं एक राजा, एक राणी, आणि वेशीपाशी दोर वळणारी गोजरा. तिच्या बापानं एकाच बांबूची दोन धनुष्यं केली. एक राजाला दिलं, एक गोजराच्या खुंटीला राहिलं. मरताना बाप म्हणाला, "पोरी, व्रत सांगतो. काम झालं की दोरी उतरवावी, सुपात निजवावी. खंडेनवमीला वळणारीनं हात जोडून बसावं, तिला दुसऱ्यानं वाढावं." गोजरानं व्रत घेतलं, राजाच्या घरीही सांगितलं.

राणीनं काय केलं? धनुष्य ताणूनच भिंतीला टांगलं. म्हणे, "उतरवलं की काठी दिसते. पाहुणे काय म्हणतील?" वर मोत्यांचे झुबके लावले. वर्षभर ते बापडं ताणलेलंच.

खंडेनवमी आली. राजानं नदीपल्याड बाण टाकायचा, अशी रीत. बाण पैलतीराला टेकता टेकता पाण्यात पडला. राणी म्हणाली, "दोरी हलकी." मग गोजरानं अंबाडी भिजवली, वाख काढला. एक पेड पिळला, दुसरा पेड पिळला, दोन्ही उलट वळणानं एक केले, मेण चोळलं. दुसऱ्या वर्षी बाण मधल्या धारेत बुडाला. राणी म्हणाली, "हिचं कामात लक्षच नाही." मग राजानं गोजराची अंबाडी पिकवायची जमिनीची पट्टी काढून घेतली. गोजरानं शेजारणीकडून वाख मागून आणला, पुन्हा दोरी वळली. तिसऱ्या वर्षी बाण ऐलतीरालाच, राजाच्या पुढ्यात पडला. राजा म्हणाला, "गोजरे, दिवस मावळायच्या आत वेस सोड."

तीन वर्षं गप्प बसलेली गोजरा आता पेटली. "वळून वळून मांडीची सालं गेली माझ्या. सणाला पाटावर बसले नाही. आणि खोट माझ्यात? जाते महाराज, पण आधी दोरी उतरवते."

दोरी उतरवली. धनुष्य सरळ होईना. म्हातारीच्या पाठीसारखं वाकलेलंच राहिलं. मग गोजरा घरी गेली, खुंटीवरचं धनुष्य घेऊन आली. काठीसारखं सरळ. त्याला तीच दोरी चढवली, राजाच्या हाती दिलं. बाण सुटला, नदी ओलांडली, पल्याडच्या वडात जाऊन रुतला.

राणी पदराचं टोक चावू लागली. गोजरा म्हणाली, "बाप तोच, बांबू तोच, दोरी तीच. एकाला विसावा मिळाला, एकाला मोती."

राजा ओशाळला. "माग गोजरे, सोनं माग."

"सोनं नको. माझी पट्टी द्या. रोज सांजेला दोरी तुम्ही उतरवा, आपल्या हातानं. आणि आज खंडेनवमी आहे. मी ही बसले हात जोडून. वाढा."

मग राजानं भाकरी थापली. ती करपली. गोजरानं परत पाठवली. दुसरी राणीनं थापली, ती कच्ची. तीही परत. तिसरी दोघांनी मिळून केली, ती फुगली. मग गोजरा जेवली, तृप्त झाली.

जशी तिची दोरी वेळेवर उतरली, तशी तुमची आमची उतरो. आणि आज वाचणारीच्या ताटातही कुणी दुसरं वाढो, करपलेलं असलं तरी ती काही परत पाठवायची नाही. ही साठां उत्तरांची कहाणी, पाचां उत्तरांत उतरवली, सुपात निजवली, सुफळ झाली.