दुसरा चावा

"गुरुजी, हा कीस कसला?"

बैठकीच्या पाटाखाली तांब्याचा बारीक कीस सांडला होता. खोलीत गंधकाचा वास.

उपाध्येगुरुजी मागच्या पडवीत पाठमोरे बसलेले.

नाणं खरं की खोटं, हे विचारायला रविवारी गावोगावचे लोक गुरुजींकडे यायचे. आता त्यांची नजर गेली होती. आजच्या रविवारपासून निवाडा मी, त्यांच्या शिष्येनं करायचा, नाहीतर बैठक बंद. काल त्यांनी आपलं लाडकं पाव आण्याचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. कडेला चावा घेतल्यासारखी खोक. टांकसाळीत चकती कापतानाच चुकलेली.

"खरं कशावरून?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय? तुमचं आहे म्हणून!"

तेव्हापासून ते गप्प होते.

मी पाटावरचं नाणं उचललं... आणि हातातून सोडलंच.

चावे दोन होते! शेजारी शेजारी, सारखेच, दोन्ही काळवंडलेले.

"काकू!"

"अगं, केवढ्यानं दचकवतेस!" गुरुजींच्या पत्नी सुगंधाकाकू पदराला हात पुसत आल्या. "हे पहाटेपासून कानस घासत होते. वर गंधक लावलं. म्हटलं, आंधळ्याला हे कसलं खूळ!"

ताजा घाव गंधकानं काळा करतात ते ठक. हे त्यांनीच शिकवलेलं.

नाणं उचलून मी पडवीत धावले.

"गुरुजी, तुम्ही? नाण्याला फडकंसुद्धा लावू नये म्हणणारे तुम्ही?"

...

"आणि ते पहिलं? तेही तुम्हीच केलं होतं का?"

हे मी बोलले. माझाच हात माझ्या तोंडावर गेला.

गुरुजींनी तळवा पुढे केला. बोटाला कानशीचा ओरखडा होता. मी नाणं ठेवलं. त्यांनी माझा अंगठा धरला आणि चाव्यावर नाही, एका चाव्याच्या बरोबर समोरच्या कडेवर टेकवला.

कड उंच, धारदार.

मग दुसऱ्या चाव्याच्या समोर.

तिथे कड बसलेली. जवळजवळ नाहीच.

"एका बाजूला धातूच नव्हता..." मी पुटपुटले. "म्हणून टांकसाळीत चकतीची कड दाबून उंच करताना समोरही दाब बसला नाही. हा चावा टांकसाळीतला. आणि तो, समोरची कड शाबूत असलेला... तो आजचा."

त्यांनी मान डोलावली.

मला रडू फुटलं. "पण मोडलंत ना! असं दुसरं कुठून आणणार? नुसतं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?"

...

"गुरुजी, बोला ना!"

ते वळले. कालपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला.

"काल माझं म्हणून खरं मानलंस. आज तुला माझाही संशय आला... जा, पाटावर बस."