दोरीचं टोक

“मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा वस्ताद.”

हिंदुराव वस्ताद उकिडवे बसून खुंटीला दोरी बांधत होते. त्यांनी गाठ आवळली, ओढून पाहिली आणि पुन्हा सोडली. गाठ मनासारखी बसेपर्यंत ते कुणाला उत्तर देत नाहीत, हे रणधीरला ठाऊक होतं. तरी त्याला घाई होती.

वस्ताद म्हणजे कुस्तीचे नव्हेत. कोल्हापुरात शिकवणारा जरा जुना झाला की लोक त्याला वस्ताद म्हणतात. हे फुटबॉलचे पंच. गुडघे गेले तेव्हा शिट्टी सोडली, आणि आता पेठेच्या मैदानावर सामन्याआधी पांढऱ्या फक्कीनं रेघा मारतात. रणधीर चौगुले त्यांचा शिष्य, आता व्यावसायिक लीगमध्ये पंच. टीव्हीवर दिसतो. त्यामुळे तो प्रश्न विचारतो तोसुद्धा निकाल दिल्यासारखा.

“त्या सामन्यात लाइनमनचा झेंडा कधी उठला?” वस्तादांनी विचारलं.

रणधीर घुटमळला.

“...वेळेवर.”

“आणि तू?”

“मला वाटलं, चेंडू बचाव करणाऱ्यानं मागं मारलाय. मग ऑफसाइड कसला? इलाहीला झेंडा खाली घे म्हणून खूण केली आणि गोल दिला.”

“मारला हुता?”

“नाही. नंतर टीव्हीवर बघितलं. त्याचा पायही लागला नव्हता.”

त्या गोलामुळे एक संघ खालच्या लीगमध्ये गेला. चौकशी समितीनं विचारलं तेव्हा रणधीरनं सांगून टाकलं, की लाइनमननं झेंडा उशिरा उचलला, मला दिसलाच नाही. लाइनमन होता इलाही मुजावर, वस्तादांचाच दुसरा शिष्य. समितीनं त्याला घरी बसवलं.

आज संध्याकाळी पुण्यात शेवटची सुनावणी होती. तिथं रणधीरला तेच पुन्हा सांगायचं होतं. तेवढं पार पडलं की आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी त्याचं नाव पुढं जाणार होतं. जाता जाता तो आशीर्वाद घ्यायला आला होता.

“इलाही काय म्हनला?”

“काहीच नाही. माझ्याकडं बघितलं फक्त.”

वस्तादांनी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“आणि निर्णय तर आता बदलत नाही,” रणधीर म्हणाला. “खेळ पुन्हा सुरू झाला की बदलता येत नाही. तुम्हीच शिकवलंय.”

“व्हय. मीच शिकवलंय.”

वस्तादांनी दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

“धर. तिकडं खुंटी ठरत न्हाई, हातानंच ताणाय लागतंय. सुट्टीला आला की इलाही धरायचा. आता कायमचा घरी हाय, तर येत न्हाई.”

रणधीर पेनल्टी बॉक्सच्या पलीकडच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. वस्ताद कमरेत वाकले आणि दोरीच्या कडेनं मुठीतली फक्की सोडत निघाले. नजर आता अधू झालेली. ते दोरीवर विसंबून चालत होते.

मधेच रणधीरचा फोन वाजला. पुण्याहून होता. एका हातानं फोन कानाला लावून तो “हो सर, पोचतो सर” करत राहिला. दुसऱ्या हातातली दोरी सैल पडली आणि वाऱ्यानं बाजूला सरकली. फक्कीही तिच्यामागून सरकत गेली.

वस्तादांना हे कळलं नसेल, हे मला पटत नाही. त्यांचा सगळा जन्म दोरी ताणण्यात गेला होता. पण ते थांबले नाहीत.

संघ मैदानात उतरले. पाहुण्या संघाचा कप्तान बॉक्सपाशी आला आणि रेघेकडं बघत राहिला. मधोमध तिला चांगलं पोट आलं होतं.

“ही रेघ कुणी मारली?”

“मी,” वस्ताद म्हणाले.

“वाकडी आहे की ओ.”

“हाय.”

“इथं फाउल झाला तर आत धरायचा का बाहेर? भांडणं लावता काय आमच्यात?”

वस्तादांनी हाताची फक्की झटकली.

“वय झालं आता तुमचं. दिसत नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी द्या हे काम.”

मागं कुणीतरी हसलं. वस्तादांनी मान हलवली, फक्कीचा डबा उचलला आणि कप्तानासमोर ठेवला.

“बरोबर हाय तुझं. बघा दुसरं कुणीतरी.”

दोरीचं टोक अजून रणधीरच्या हातात होतं, आणि त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. वस्ताद मात्र बघत होते. रागानं नव्हे, नुसतंच. असं अलीकडं आणखी एका माणसानं त्याच्याकडं बघितलं होतं. त्याला ते सोसवेना.

“दोरी मी धरलेली,” तो म्हणाला.

“काय?”

“दोरी माझ्या हातात हुती. फोन आला, ढिली सोडली म्यां. वस्तादांची काय चूक न्हाई.”

टीव्हीवरची त्याची भाषा कुठल्या कुठं गेली होती.

कप्तानानं त्याला ओळखलं. मग त्यानं डबा उचलून वस्तादांच्या हातात परत दिला.

“माफ करा वस्ताद. कोपरा ते कोपरा सरळ धरू आम्ही. चला रे.”

शिट्टी झाली. खेळ सुरू झाला. चेंडू त्या वाकड्या रेघेवरून इकडं तिकडं जाऊ लागला.

दोघं कडेला येऊन बसले. वस्ताद दोरी गुंडाळत होते.

“वस्ताद...”

“बोल.”

“हे असंच तिथं सांगितलं, तर माझी शिट्टी जाईल.”

वस्तादांनी शेवटचा वेढा घातला. टोक आत खोचलं.

“जाईल,” ते म्हणाले. “...इलाहीचा झेंडा येईल की.”