रेघेतली थरथर

"रेघ स्वच्छ आहे. पण थरथर कुठं गेली?" भाऊमास्तरांनी विचारलं.

अच्युतनं कागदावर काढलेला हात पुन्हा न्याहाळला. चित्रकलेच्या परीक्षेत तो पहिला आलेला. त्याची रेघ इतकी सफाईदार, की माशी बसली तर घसरून पडावी. ती मिरवतच तो कोल्हापुरात मास्तरांच्या दारी चित्रं शिकायला आला होता. आठ दिवस काम बघतो, मग ठेवायचं की परत पाठवायचं ते सांगतो, असं मास्तर म्हणाले होते. आज आठवा दिवस होता.

समोर स्टुलावर म्हातारे कोंडिबा वस्ताद बसले होते. एके काळचे नावाजलेले पैलवान. आता मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात सारखा कापत होता.

"तो आजार आहे, मास्तर. मी हाताचा आकार काढला."

"भ्यालास..."

"मी? कशाला भिऊ?"

"मग डाव्या हातानं धर त्यांचा हात. उजव्यानं काढ."

वस्तादांनी हात चटकन धोतराच्या घडीत लपवला.

"बघतोय तर बघू दे, मास्तर. पर धराय नगं. ह्याच हातानं पैलवान उचलल्यात म्या."

मास्तरांनी अच्युतपुढं कोरा कागद ठेवला.

बऱ्याच वेळानं हात आपणहून बाहेर आला.

अच्युतनं तो धरला. मोठा, गार, हाडं लागणारा हात. आत काहीतरी सुटायला धडपडत होतं. अच्युत मनातून पार घाबरला. आपलाही हात एक दिवस असा होईल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सोडून द्यावासा वाटला, पण सोडवेना.

कोळसा कागदाला टेकला. रेघ तुटली, पुन्हा उमटली, एका जागी इतकी दाबली गेली की कागद फाटला. मनगटापाशी नुसता काळा गिचमिडा झाला.

वस्ताद वाकून बघत राहिले.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच हात..."

आणि त्यांनी तोंड फिरवलं.

अच्युतला घाम फुटला होता. सगळं बिघडलं, आता गाशा गुंडाळायचा! त्यानं घाईघाईनं फडकं उचललं.

"पुसतो, मास्तर. यात वस्तादांची थरथर थोडी, माझीच जास्त आहे."

"असं?" मास्तर म्हणाले. "मग तुझी तेवढी पूस."