हौसामावशींच्या गाळ्यासाठी द्वंद्व

“म्हणजे कोर्टात हातमोजा फेकला तर चालेल ना, बाई?”

तेलंगबाईंनी चष्मा पुसला.

ओजस वाघधरे जिने चढून धापा टाकत होता. वकिलीची सनद नवी, ब्लॉग जुना. ब्लॉग इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासावर. मुंबईत तो कुणी वाचत नाही. लंडनमधले काही ब्लॉगवाले वाचतात आणि ओजस भारी आहे असं त्यांना वाटतं. ओजसलाही तसंच वाटतं.

तेलंगबाईंनी आयुष्यभर लॉ कॉलेजात हाच इतिहास शिकवला. ओजसलाही त्यांनीच शिकवला. आता निवृत्तीनंतर त्याही सनद घेऊन कोर्टाच्या बार रूममध्ये, वकिलांच्या खोलीत, खिडकीपाशी बसतात.

“बाई, नीट ऐका. जमिनीच्या दाव्यात इंग्लंडात पूर्वी हातमोजा फेकून द्वंद्व मागता यायचं; जो उचलेल तो लढणार. दोन्ही बाजूंचे लढवय्ये काठ्या घेऊन मैदानात. जिंकेल त्याची जमीन. बरोबर?”

“बरोबर.”

“हे रद्द झालं १८१९ला. तिकडे, पार्लमेंटात. पण इंग्लंडचा कायदा मुंबईत आला १७२६ला! म्हणजे द्वंद्वही आलं! मग इथे ते रद्द कोणी केलं? कोणीच नाही! इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही, बाई!”

“कोणाच्याच?”

“लंडनवाले वेडे झालेत. एकाने लिहिलंय, देवाशपथ आजच कर. आज दुपारी हौसामावशींची तारीख आहे. मी उभा राहणार आणि हा फेकणार.”

त्याने बॅगेतून विकेटकीपरचा मोजा काढला. उजव्या हाताचा.

हौसामावशी बाकावर पिशवी धरून बसल्या होत्या. लालबागला त्यांचा मसाला कांडायचा गाळा. गाळा माझाच, असं पुतण्याने कोर्टात सांगितलेलं. आज हुकूम विरुद्ध गेला, तर उद्या दाराला पुतण्याचं कुलूप.

“वकीलसाहेब, मोजा फेकून गाळा राहतो का?”

“मावशी, इतिहास घडतो!”

“तो घडू दे सावकाश. गाळ्याचं बोला.”

तेलंगबाईंनी चष्मा लावला.

“फेक.”

“काय?”

“मोजा. फेक ना.”

ओजसने फेकला. तो चहाच्या कपांशेजारी पडला. दोन वकिलांनी पेपरातून मान वर केली, पाहिलं, परत खाली घातली.

बाई उठल्या. वाकल्या. मोजा उचलून हातात चढवला.

“पुतण्याकडून मी लढणार.”

“बाई! तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या आहात!”

“म्हणून म्हणते, लवकर सुरू करू.”

त्यांनी दुसऱ्या हातात छत्री घेतली.

“तारे दिसेपर्यंत लढायचं असतं. माहितेय ना?”

“मुंबईत तारे दिसत नाहीत, बाई.”

“मग डबा मागव.”

ओजस हसला. बाई हसल्या नाहीत.

“पण आधी शपथ. लढवय्याची शपथ आठवते?”

आठवते म्हणजे काय! ओजसने छाती फुगवून म्हटली. “ही जमीन हिचीच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. किंवा माझ्या बापाने पाहिलं आणि मरताना मला सांगितलं!”

“छान. घे शपथ.”

“माझे बाबा डोंबिवलीत आहेत. ठणठणीत.”

“म्हणजे तू पाहिलंयस.”

“कागद पाहिलेत.”

“गाळा?”

“मोबाइलवर... नकाशात.”

“मी किती बोलावलं,” हौसामावशी म्हणाल्या. “दरवेळी आपलं, लंडनला उत्तर लिहायचंय.”

बाईंनी छत्रीचं टोक दाराकडे केलं.

“दुपारला वेळ आहे.”

...

ओजस लालबागहून परतला तेव्हा डोळे लालभडक, कोटावर तिखट, नाक वाहतंय. आणि सकाळपेक्षा दुप्पट खूश.

“बाई! पुतण्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलंय, वर्षानुवर्षं मीच रोज गाळ्यात बसतो. मला तिथे बघून हाकलायला आला. मशीन चालू होतं, मिरची पडत होती. उंबऱ्यापाशी आला आणि... शिंका! थांबेचनात! पाय आत टाकवेना त्याला! ‘बाहेर हो’ म्हणायचं होतं, ‘बा’च्या पुढे जाईना!”

“लहानपणापासून तसाच तो,” मावशी म्हणाल्या. “मिरची सोसतच नाही.”

“मावशी! हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही १७२६चं सांगत होतात.”

ओजस स्वतः एकदा शिंकला. मग बाईंसमोर ताठ उभा राहिला.

“डोळ्यांनी पाहिलं, बाई. आता घेतो शपथ. या लढायला!”

“शपथ घेतलीस की तू साक्षीदार.”

“हो!”

“साक्षीदाराला त्याच दाव्यात वकील राहता येत नाही.”

“पण जुन्या कायद्यात तर साक्षीदारच...”

“लढायचा.”

“आणि आता?”

“आता पाहिलं असेल त्याने लढायचं नाही.”

ओजसच्या खिशात फोन थरथरला. लंडन. त्याने फोन काढला, पाहिला. मग मावशींकडे पाहिलं. त्या पदराने त्याच्या कोटावरचं तिखट झटकत होत्या.

त्याने फोन बंद केला. मग कोट उतरवला.

बाईंनी तो घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. मावशींनी बाईंच्या वकीलपत्रावर सही केली. बाहेर पुकारा झाला.

ओजस मागोमाग धावला.

“बाई, पिंजऱ्यात उभा राहिल्यावर द्वंद्वाचं थोडं सांगू? अगदी थोडं? नको? मग सुरुवात कशाने करू?”

कोर्टाच्या दारात बाई थांबल्या.

“आधी शिंक.”